गोपनीय कागद, मोठे साहेब आणि कनिष्ठाची सही

प्रश्न एका परिविक्षाधीन, म्हणजे सेवेत कायम होण्याआधीच्या काळातील, उपजिल्हाधिकाऱ्यांचा आहे. त्या लिहितात: "अमेरिकेत मंत्री, सेनानी, राष्ट्राध्यक्ष गुप्त कागद घरी नेतात, खासगी ई-मेलवर पाठवतात आणि बहुतेक वेळा सुटतात. आपल्या नागपुरात मात्र घरच्या लॅपटॉपवर फाइली सापडलेल्या एका तरुण अभियंत्याला जन्मठेप झाली होती. कायदा हुद्दा पाहून चालतो का? आणि उद्या माझ्याच वरिष्ठांनी एखाद्या गोपनीय पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागितला, तर मी काय करावे?"

मी ३२ वर्षे राज्य शासनाच्या सेवेत होतो. त्यांपैकी जवळजवळ ११ वर्षे गोपनीय कार्यासनात, म्हणजे गोपनीय कागद हाताळणाऱ्या शाखेत गेली, आधी सहायक म्हणून आणि पुढे कक्ष अधिकारी म्हणून. निवृत्तीनंतर नागपुरात स्थायिक झालो आणि अधूनमधून नव्या अधिकाऱ्यांपुढे कार्यालयीन कार्यपद्धतीवर बोलतो. तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत, आणि मला त्यांतला दुसरा अधिक मोलाचा वाटतो, कारण वरिष्ठांकडून होणारा गोपनीयतेचा भंग बहुधा कनिष्ठाच्याच हातून घडतो. साहेब स्वतः कधी टपाल उघडत नाहीत, प्रत काढत नाहीत, ई-मेल टंकलिखित करत नाहीत. ते "जरा पाठवून द्या" एवढेच म्हणतात, आणि पाठवणारा दुसराच कोणी असतो.

आधी एक भेद स्पष्ट करतो. माहिती शत्रूला विकणे ही हेरगिरी झाली, माहिती हेतुपुरस्सर वार्ताहराला देणे हे फोडणे झाले, आणि माहिती जिथे ठेवायला नको तिथे ठेवणे, ज्या मार्गाने न्यायला नको त्या मार्गाने नेणे ही हलगर्जी झाली. वर्तमानपत्रे या तिन्हींना एकाच मथळ्याखाली घालतात. मोठ्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत प्रत्यक्षात जे घडते ते बहुतेक तिसऱ्या प्रकारचे असते, आणि त्याच्या मुळाशी लोभ नसून सोय असते: घरी निवांत वाचता येते, खासगी फोन हाताशी असतो, कुलूप उघडण्यात वेळ जातो.

गोपनीय कागदाचा प्रवास कसा व्हावा, हे तुम्ही एकदा डोळ्यांनी पाहायला हवे. केंद्र शासनाच्या पद्धतीत टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल आणि रिस्ट्रिक्टेड अशा चढत्या-उतरत्या पायऱ्या आहेत. आपल्याकडे जिल्हा पातळीवर येणारे बहुतेक कागद 'गोपनीय' या एकाच शिक्क्याचे असतात. असा कागद दोन लिफाफ्यांत जातो. आतल्या लिफाफ्यावर वर्गवारीचा शिक्का आणि ज्याने तो उघडायचा त्याचे पदनाम असते, आणि जोडावर लाखेची मोहोर असते. बाहेरच्या लिफाफ्यावर मात्र फक्त पत्ता असतो, जेणेकरून वाटेत हाताळणाऱ्याला आत काय आहे याची कल्पनाही येऊ नये. आत पोचपावतीचा एक कागद असतो. तो सही होऊन परत येईपर्यंत पाठवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. कागद पोचला की गोपनीय आवक नोंदवहीत त्याची नोंद होते, आणि पुढे तो ज्या ज्या हातांत जाईल त्या प्रत्येक हाताची सही त्या नोंदीपुढे येते. या साऱ्यात विद्वत्तेचा काही भाग नाही. मला शिकवणारे एक जुने शिरस्तेदार लाख वितळवताना मेणबत्तीऐवजी स्पिरिटचा दिवा वापरत, कारण मेणबत्तीच्या काजळीने मोहोर काळी पडते आणि मग ती फोडून पुन्हा लावली की नाही हे ओळखता येत नाही, असे ते सांगत. आज लाखेची जागा ई-ऑफिस या शासनाच्या संगणकीय फाइल-प्रणालीतील लॉगइनने घेतली आहे, तरी कागद कोणी, केव्हा, कोणाच्या हाती दिला हे मागाहून सांगता आले पाहिजे हा हेतू बदललेला नाही.

आता माझा स्वतःचा एक प्रसंग सांगतो, कारण त्यात माझीही चूक आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीचे एक हिवाळी अधिवेशन होते. तुम्ही अजून एकही अधिवेशन पाहिलेले नसेल. १९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी काही दिवस अख्खे शासन मुंबईहून इथे येते. नस्त्या, म्हणजे फाइली, ट्रंकांत भरून येतात, मंत्री व सचिव रवि भवन, नाग भवनात उतरतात, आम्ही कर्मचारी '१६० गाळे' या शासकीय निवासस्थानात. त्या गर्दीत नियम पाळणारा माणूस अडथळा वाटू लागतो. आमच्या विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांना दुसऱ्या दिवशीच्या बैठकीसाठी मोर्चांच्या बंदोबस्ताविषयीच्या एका गोपनीय अहवालाच्या तीन प्रती हव्या होत्या. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला कोणता मोर्चा कुठवर येऊ द्यायचा, कोणत्या संघटनेतील कोणाकडून माहिती मिळते, असा त्यात मजकूर होता. गोपनीय कागदाची प्रत काढायची तर ज्या कार्यालयाचा तो कागद त्याची संमती लागते, प्रत्येक प्रतीवर क्रमांक पडतो आणि नोंदवहीत नोंद होते. तोवर रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते आणि कार्यालयातील यंत्राची खोली कुलूपबंद होती. साहेबांच्या स्वीय सहायकाने शहरातल्या सदर भागातील एका झेरॉक्सच्या दुकानातून प्रती काढून आणल्या.

दोन दिवसांनी मी माझ्याच एका घरगुती कामासाठी त्या दुकानात गेलो. यंत्राखाली रद्दीचा पुठ्ठ्याचा खोका होता. त्यात पंख्यासारखा घडी पडलेला, यंत्रात अडकून अर्धाच छापला गेलेला एक कागद होता आणि त्याच्या कोपऱ्यात आमचा 'गोपनीय' हा शिक्का होता. मूळ कागदावर तो शिक्का लाल असतो आणि डोळ्यांना टोचतो. प्रतीत तो काळा होतो आणि बाकीच्या अक्षरांत मिसळून जातो. दुकानदाराने कागदाच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला होता: १२ पाने, ९ रुपये. मी तो कागद खिशात घातला, गाळ्यावर येऊन फाडून टाकला आणि कोणालाही काही सांगितले नाही. तो फाडण्याआधी त्याची नोंद करणे आणि लेखी कळवणे हे माझे काम होते. ते मी केले नाही, कारण साहेबांवर बोट दाखवण्याचे धैर्य मला झाले नाही. काही महिन्यांनी त्या अहवालातील मजकूर बाहेर कसा गेला याची विचारणा सुरू झाली तेव्हा नोंदवहीत प्रतींचा उल्लेखच नव्हता. कारणे दाखवा नोटीस स्वीय सहायकाला मिळाली आणि त्याची वेतनवाढ रोखली गेली. साहेब तोवर बढती घेऊन दुसऱ्या विभागात गेले होते. "मी प्रती मागितल्या होत्या, बाहेरून काढा असे म्हटले नव्हते," हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

परदेशांतील प्रकरणे तपशिलात वाचली तर हीच गोष्ट मोठ्या पडद्यावर दिसते. २००९ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या पोलीस दलातील दहशतवादविरोधी विभागाचे प्रमुख बॉब क्विक हे डाउनिंग स्ट्रीटवर गाडीतून उतरले, तेव्हा त्यांच्या काखेत एक गुप्त टिपणी होती आणि तिचे पहिले पान बाहेरच्या बाजूला होते. समोर छायाचित्रकार उभे होते. मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या त्या पानावर एका नियोजित कारवाईचा तपशील वाचता येत होता, म्हणून ती कारवाई घाईने, ठरल्या वेळेच्या आधीच उरकावी लागली आणि क्विक यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. साधी कापडी पाठ असलेली फाइल असती तर काहीच घडले नसते. मात्र त्यांचा राजीनामा मला नेहमी लक्षात राहतो, कारण मोठ्या पदावरच्या माणसाने अशी सरळ किंमत मोजल्याची उदाहरणे थोडी आहेत. त्याच देशात २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी खासगी ई-मेलवरून शासकीय मसुदा पाठवल्याबद्दल राजीनामा दिला आणि सहाच दिवसांत, पंतप्रधान बदलताच, त्या पुन्हा त्याच खुर्चीवर बसल्या.

अमेरिकेत हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री असताना शासकीय कामासाठी खासगी सर्व्हरवरचा ई-मेल वापरत होत्या. तपासाअंती ११० ई-मेलमध्ये पाठवतेवेळीच गुप्त असलेली माहिती होती असे एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास संस्थेचे संचालक जेम्स कोमी यांनी ५ जुलै २०१६ रोजी जाहीर केले, वर्तन "अत्यंत निष्काळजी" असल्याचे सांगितले, आणि तरी खटला भरण्याची शिफारस केली नाही. जनरल डेव्हिड पेट्रियस यांनी आठ वह्या, ज्यांत गुप्त कारवायांच्या नोंदी होत्या, आपल्या चरित्रलेखिकेला वाचायला दिल्या. २०१५ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना दोन वर्षांची परिवीक्षा (देखरेखीखालची मोकळीक) व एक लाख डॉलर दंड झाला, तुरुंग नाही. त्याच्याशेजारी हे ठेवून पाहा: कंत्राटी भाषातज्ज्ञ असलेल्या रिअ‍ॅलिटी विनर या तरुणीने एक गुप्त अहवाल वृत्तसंस्थेला टपालाने पाठवला आणि २०१८ मध्ये तिला पाच वर्षे तीन महिन्यांची कैद झाली. दोन्ही गुन्हे सारखे नव्हेत, हे मी मान्य करतो. तिने कागद जाणूनबुजून बाहेर दिला होता. पण पेट्रियस यांनीही वह्या जाणूनबुजूनच दिल्या होत्या, आणि तपास अधिकाऱ्यांशी ते खोटेही बोलले होते.

माजी आणि आजी राष्ट्राध्यक्षांच्या प्रकरणांत हलगर्जीपेक्षा तिच्यानंतरचे वागणे महत्त्वाचे ठरले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन व माजी उपाध्यक्ष पेन्स यांच्या घरी कागद सापडले तेव्हा त्यांनी ते स्वतःहून परत केले आणि दोघांवरही खटला झाला नाही. ट्रम्प यांच्यावर मात्र २०२३ च्या जूनमध्ये आरोपपत्र दाखल झाले, ते कागद परत मागितल्यावरही दिले नाहीत आणि तपासात अडथळे आणले अशा आरोपांसह. न्हाणीघरात रचलेल्या खोक्यांचे छायाचित्र त्या आरोपपत्रात होते. २०२४ च्या जुलैमध्ये न्यायाधीशांनी विशेष अभियोक्त्याची नेमणूकच अवैध ठरवून खटला काढून टाकला आणि निवडणुकीनंतर त्याविरुद्धचे अपीलही मागे घेतले गेले. म्हणजे कागदांबाबतच्या मूळ आरोपांचा निवाडा कोणी केलाच नाही.

तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचे प्रकरण मात्र २०२५ च्या मार्चचे आहे. येमेनमधील हुथी बंडखोरांवरील हल्ल्याची चर्चा अमेरिकेचे मंत्री सिग्नल या अ‍ॅपवरच्या एका गटात करत होते, आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांच्या फोनवरून त्या गटात चुकून एका मासिकाचे संपादक जोडले गेले. संरक्षणमंत्र्यांनी विमाने केव्हा उडणार याच्या वेळा त्या गटात लिहिल्या होत्या. अ‍ॅप सुरक्षित आहे, संदेश कूटबद्ध असतात, असा बचाव झाला. तो तांत्रिकदृष्ट्या खोटा नाही, पण गैरलागू आहे. लाखेची मोहोर कितीही पक्की असली तरी पत्ताच चुकीचा लिहिला तर लिफाफा नको त्याच्याच हाती पडतो. इथे तर नोंदवहीही नव्हती. काही संदेश ठरावीक मुदतीने आपोआप पुसले जातील अशी व्यवस्था त्या गटात होती.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ मधील कलम ३ हेरगिरीविषयी आहे आणि संरक्षणविषयक बाबींत त्याखाली १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या कामाशी निगडित आहे ते कलम ५. त्याच्या पहिल्या पोटकलमात चार गोष्टी गुन्हा ठरवल्या आहेत: अनधिकृत व्यक्तीला माहिती देणे, परकीय सत्तेच्या फायद्यासाठी किंवा राज्याच्या सुरक्षिततेस बाधक रीतीने ती वापरणे, ठेवण्याचा अधिकार नसताना कागद जवळ ठेवणे अथवा परत करण्याचा आदेश न पाळणे, आणि योग्य ती काळजी न घेणे. हा चौथा खंड पुन्हा वाचा. त्यासाठी हेतू लागत नाही, शत्रू लागत नाही, पैसा लागत नाही. सदरच्या दुकानातील त्या तीन प्रती त्यात सहज बसतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. या कलमांत सचिव, मंत्री, लिपिक असा भेद कुठेही नाही.

भेद येतो तो कलम १३ मधून. शासनाच्या आदेशाने किंवा शासनाने दिलेल्या अधिकाराने तक्रार झाल्याशिवाय कोणतेही न्यायालय या अधिनियमाखालच्या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. नागरिक तक्रार करू शकत नाही, वार्ताहर करू शकत नाही, त्या कार्यालयातील लिपिकही करू शकत नाही. खटला भरावा की नाही ही टिपणी मंत्रालयातील एका कार्यासनातून निघते आणि वर चढत जाते, आणि ज्यांच्याविरुद्ध ती असते त्यांचे बॅचमेट, जुने सहकारी किंवा भावी वरिष्ठ तिच्यावर सह्या करतात. यात प्रत्येक वेळी कट असतो असे मी म्हणत नाही. बहुतेक वेळा "प्रकरण वाढवून विभागाची नाचक्की कशाला" एवढाच विचार असतो. पण परिणाम तोच होतो.

तुम्ही उल्लेख केलेले नागपूरचे प्रकरण या प्रकाशात नीट वाचा. ब्राह्मोसच्या नागपूर येथील प्रकल्पात काम करणाऱ्या त्या अभियंत्याला २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये अटक झाली. बनावट नावांच्या फेसबुक खात्यांवरून त्याच्याशी संपर्क साधला गेला होता आणि त्याच्या खासगी लॅपटॉपवर प्रकल्पाच्या फाइली सापडल्या होत्या. २०२४ च्या जूनमध्ये नागपूरच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. २०२५ च्या डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याला हेरगिरीच्या गंभीर आरोपांतून मुक्त केले, पण काळजी न घेतल्याबद्दलची, म्हणजे कलम ५ च्या त्याच चौथ्या खंडाखालची तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. ती तोवर भोगून झालेली होती. खंडपीठाच्या निकालानंतर उरला तो गुन्हा म्हणजे कार्यालयातील कागद खासगी यंत्रात ठेवणे. तुम्ही प्रामाणिकपणे आठवून पाहा, शासकीय कागद खासगी लॅपटॉपवर किंवा फोनमध्ये असलेले किती अधिकारी तुम्हाला माहीत आहेत. मी स्वतः मोजायचे सोडून दिले आहे.

वरिष्ठांच्या जबाबदारीचे आपल्या देशातील सर्वांत बोलके उदाहरण मला १९८५ चे वाटते. दिल्लीत पंतप्रधानांच्या आणि इतर कार्यालयांतील फाइलींच्या छायाप्रती एका कंपनीच्या प्रतिनिधीमार्फत परकीयांकडे जात होत्या असे त्या जानेवारीत उघडकीस आले, आणि अटक झालेल्यांत पंतप्रधानांचे प्रधान सचिव डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांचे स्वीय सचिवही होते. अलेक्झांडर यांच्यावर कसलाही आरोप नव्हता. तरी आपल्या कार्यालयातून कागद गेले म्हणून त्यांनी पद सोडले. हेच अलेक्झांडर १९९३ ते २००२ या काळात आपल्या राज्याचे राज्यपाल होते, आणि हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत राजभवनावर त्यांना पाहिलेले माझ्या पिढीचे अनेक कर्मचारी नागपुरात आहेत. त्या वेळी आमच्यात चर्चा अशी होई की, त्यांनी राजीनामा दिला नसता तर त्यांना कोणी मागितला असता का? माझे मत, मागितला नसता. पुढे २००५ मध्ये नौदलाच्या वॉर रूममधील माहिती पेन ड्राइव्हवरून बाहेर गेल्याचे प्रकरण आले आणि नौदलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले, तेव्हा वीस वर्षांत झेरॉक्सची जागा बोटाएवढ्या वस्तूने घेतली होती.

मंत्र्यांविषयी थोडे सांगायला हवे, कारण लोक त्यांना अधिकाऱ्यांहून वेगळे समजतात. 'पदाची व गोपनीयतेची शपथ' हे शब्द आपण इतक्या वेळा ऐकतो की त्यांचा अर्थ निसटतो. १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला. त्या प्रत्येकाने दोन शपथा घेतल्या, आणि दुसरीचा आशय असा आहे की मंत्री म्हणून जे कळेल ते, कर्तव्यासाठी आवश्यक असेल त्यापलीकडे, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कोणालाही कळवणार नाही. आमदार-खासदारांच्या शपथेत हे वाक्य नाही. पण या शपथेच्या भंगाला स्वतंत्र शिक्षा नाही. मंत्रिपद जाणे एवढाच तिचा व्यवहारातील परिणाम, आणि तो मुख्यमंत्र्यांच्या किंवा पंतप्रधानांच्या मर्जीवर. मंत्रिमंडळाच्या बैठकीतील मजकूर बैठक संपण्याआधी दूरचित्रवाणीवर दिसतो, हे तुम्हीही पाहिले असेल.

दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे, नाहीतर माझे उत्तर एकांगी होईल. आपल्याकडे शिक्का फार स्वस्त आहे. अधिनियमात 'गुपित' कशाला म्हणावे याची व्याख्याच नाही. आमच्या कार्यालयांत 'गोपनीय' म्हटले की पहिल्यांदा वार्षिक गोपनीय अहवालच आठवतो, आणि तो त्या कर्मचाऱ्यालाच दाखवायचा नाही हा प्रघात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात मोडून काढला. अडचणीचा प्रश्न टाळायचा असेल तर नस्तीवर शिक्का मारणारे अधिकारी मी पाहिले आहेत. २००२ मध्ये दिल्लीतील एका पत्रकाराला या अधिनियमाखाली अटक झाली आणि अनेक महिने तुरुंगात काढल्यावर शासनाने खटला मागे घेतला, कारण त्याच्याकडचा कागद आधीच प्रसिद्ध झालेला होता. २०१९ मध्ये राफेल विमानखरेदीच्या कागदपत्रांवर शासनाने गोपनीयतेचा हक्क सांगितला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल रोजी तो प्राथमिक आक्षेप फेटाळला, आणि माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(२) व २२ यांचा आधार घेतला. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने तर २००६ मध्येच १९२३ चा अधिनियम रद्द करण्याची शिफारस केली होती. तो अजून लागू आहे. जिथे प्रत्येक कागदावर शिक्का असतो तिथे शिक्क्याची भीती कोणालाच राहत नाही, आणि खरोखर जपायचा कागदही मग दुकानातल्या खोक्यात जाऊन पडतो.

आता व्हॉट्सअ‍ॅप. नियम स्पष्ट आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २०२२ च्या जूनमध्ये शासकीय कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या सूचनांत गोपनीय कागद गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्ससारख्या खासगी ठिकाणी ठेवू नयेत आणि फोनमधील बाहेरच्या स्कॅनर अ‍ॅपने स्कॅन करू नयेत असे सांगितले आहे. फोटो काढला की त्याची एक प्रत तुमच्या फोनमध्ये राहते, एक साहेबांच्या फोनमध्ये जाते, दोघांच्या फोनचा बॅकअप चालू असेल तर आणखी दोन कुठल्या तरी परक्या सर्व्हरवर जातात, आणि साहेबांचा नातू तो फोन खेळायला घेतो ते वेगळेच.

पण नियम दाखवून वरिष्ठांना "नाही" म्हणणे परिविक्षाधीन अधिकाऱ्याला किती जड जाते हे मला ठाऊक आहे, म्हणून व्यवहारातले सांगतो. पहिल्या फोनला कधीही "नाही" म्हणू नका आणि "नियमात बसत नाही" असेही म्हणू नका. "सर, पत्र गोपनीय आहे, वीस मिनिटांत माणूस पाठवते" असे म्हणा. नागपुरात कोणतेही शासकीय कार्यालय दुसऱ्यापासून फार लांब नाही, आणि विशेष दूत हा शब्द नियमावलीत त्यासाठीच आहे. दहांपैकी आठ साहेब एवढ्यावर थांबतात, कारण त्यांना कागद हवा असतो, नियमभंग नको असतो. साहेब मुंबईत किंवा दौऱ्यावर असतील तर ई-ऑफिसवरून नस्ती पाठवण्याचे सुचवा, किंवा मजकुरातला नेमका कोणता मुद्दा हवा आहे ते विचारा. पुष्कळदा त्यांना फक्त तारीख किंवा एखादा आकडा हवा असतो आणि तो गोपनीय नसतो.

उरलेले दोन साहेब "मी सांगतोय ना, पाठवा" म्हणतील. तिथे तुमच्या पाठीशी दोन गोष्टी आहेत. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या आचरण नियमांत वरिष्ठांचे निर्देश सामान्यतः लेखी असावेत, आणि तोंडी दिले तर मागाहून लेखी दुजोरा द्यावा, असे आहे. तुमच्या वरिष्ठांपैकी अनेकांना ते थेट लागू आहेत. आणि ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तोंडी निर्देशांवर काम करू नये, तसे निर्देश नोंदवून ठेवावेत, असे सांगितले आहे. तेव्हा साहेबांना एकच विनंती करा: "सर, एक ओळीचा ई-मेल शासकीय पत्त्यावरून पाठवाल का, मी लगेच करते." मी पाहिलेल्या प्रसंगांपैकी बहुतेकांत तो ई-मेल कधीच आला नाही आणि मागणीही पुन्हा झाली नाही. साहेब रागावतील, हे खरे आहे. दोन-तीन आठवडे चहाला बोलावणार नाहीत.

आणि काहीही घडले, कागद दूताने गेला, ई-ऑफिसवरून गेला किंवा गेलाच नाही, तरी त्याच दिवशी गोपनीय नोंदवहीत आणि नस्तीवर स्वतःच्या हाताने ओळ लिहा. तिचा नमुना असा: "मा. … यांनी आज स. ११.२० वाजता दूरध्वनीवरून पत्राच्या प्रतीची मागणी केली. पत्र गोपनीय असल्याने दोन लिफाफ्यांत मोहोरबंद करून विशेष दूतामार्फत दु. १२.०५ वाजता पाठविले. पोच पान क्र. … वर." त्याखाली सही, पदनाम, तारीख. वेळ लिहायला विसरू नका, आणि ओळ दुसऱ्या दिवशी लिहिली तर ती दुसऱ्या दिवशी लिहिली असेच त्यात म्हणा. चौकशी अधिकारी नोंदवही उघडतो तेव्हा आधी पेनाची शाई आणि दोन नोंदींमधली जागा पाहतो, आणि मागाहून कोंबलेली ओळ त्याला लगेच ओळखू येते.